शाळा सगळ्यांच्याच बंद झाल्या, मग ठरावीक मुलंच मागे कशी पडली?

पाटीपेन्सिल

कोरोनानंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी चौथीला शिकवते. फळ्यावर पाच ओळी लिहिल्या आणि वहीत उतरवून घ्यायला सांगितल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाचं अक्षर इतकं नेटकं, की वर्गाला दाखवायला म्हणून मी वही उचलली. मग लक्षात आलं, तिसऱ्या ओळीत घाईघाईत माझ्याकडून एका अक्षराला दोनदा काना दिला गेला होता, तो त्यानेही दिलाय. डस्टर लागून एका शब्दाचं शेपूट पुसलं गेलं होतं, तो शब्द त्याच्या वहीतही तेवढाच, अर्धवट. त्याला म्हटलं, वाच बरं. तो गप्प उभा. त्याने पाच ओळींचं चित्र काढलं होतं.

शाळा बंद झाली तेव्हा तो दुसरीत होता. उघडली तेव्हा हजेरीपटावर चौथीत.

त्याच वर्गातली एक मुलगी त्याच काळात घरी बसून जाडजाड पुस्तकं वाचायला लागली होती. दुसरीत असताना ही दोघं एकमेकांच्या फार पुढेमागे नव्हती, त्यांच्या जुन्या नोंदी माझ्याकडे आहेत.

एप्रिल २०२० मध्ये १९० हून जास्त देशांत शाळा-कॉलेजं बंद होती, युनेस्कोच्या मोजणीनुसार जवळपास १६० कोटी विद्यार्थी घरी होते. दार सगळ्यांसाठी एकदमच बंद झालं. मग अंतर कसं वाढलं? बरेच दिवस माझं उत्तर 'फोन नव्हता' हे होतं. आता मला ते अर्धंसुद्धा खरं वाटत नाही, कारण घरी फोन असलेल्या मुलांमध्येही माझ्या वर्गात उभी फूट पडलेली होती. शाळा बंद होते म्हणजे मूल पूर्णपणे घराच्या हवाली होतं, आणि घरं सारखी नसतात. मूळ इथे आहे असं मला वाटतं.

तुमचे अनुभव, वाचलेलं काही, विरोधी मतं, सगळं लिहा. एकच विनंती, शाळा बंद करायला हव्या होत्या की नाही यावर धागा नेऊ नका. त्यावर इथे तीन धागे आहेत आणि तिन्ही भांडणात संपलेत.

उंबरठा

ताई, त्या मुलाची वही डोळ्यासमोरून जात नाहीये.

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून जरा संकोचून लिहितेय. आमच्या लेकीचं त्या दीड वर्षात नुकसान झालंच नाही. खरं सांगायचं तर फायदा झाला. आम्ही दोघंही घरून काम करत होतो. तिला स्वतंत्र खोली, स्वतंत्र लॅपटॉप. पण लॅपटॉपपेक्षाही, 'हे असं का?' म्हणून ती जेवताना विचारायची आणि आमच्यापैकी कुणीतरी उत्तर द्यायचं. शाळेत चाळीस मुलांत तिला दिवसातून एखादा प्रश्न विचारता येत असेल. घरी दिवसाला वीस. ऑनलाइन तासात शिक्षिका काय म्हणाल्या ते कळलं नाही तर मी शेजारी होते. हे सगळं मी 'पालकत्व' म्हणून मिरवत होते. ते फुकट मिळालेलं भांडवल होतं हे फार उशिरा लक्षात आलं.

रात्रपाळी

+१ उंबरठा. हे प्रामाणिकपणे लिहायला धैर्य लागतं.

आता माझ्या घरचं. एक फोन, तीन भावंडं. फोन माझ्याबरोबर सकाळी सातला बाहेर पडायचा आणि रात्री साडेआठला घरी यायचा. मोठ्याची शेवटच्या वर्षाची परीक्षा, म्हणून फोन आधी त्याच्याकडे. मधलीचा गृहपाठ फोटो काढून पाठवायचा असायचा. धाकटीचा नंबर लागेपर्यंत एकतर डेटा संपलेला किंवा ती झोपलेली. तिच्या बाईंनी बिचाऱ्यांनी आवाजी निरोप पाठवलेले असायचे, एकावर एक सतरा. ते सतरा निरोप मी कधी ऐकवले नाहीत. कंटाळा नव्हता, पण रात्री दहाला झोपलेल्या पोरीला उठवून 'गुणाकार ऐक' म्हणायचं का?

ताई म्हणतात फोन हा मुद्दा नाही. आमच्याकडे तरी तोच मुद्दा होता.

पाटीपेन्सिल

रात्रपाळीदादा, चूक माझ्या शब्दांची. फोन हा मुद्दा नाहीच असं मला म्हणायचं नव्हतं. तुमच्या घरी तीन फोन असते, तर धाकटीला प्रश्न पडल्यावर सकाळी अकराला तिच्याजवळ कोण होतं?

रात्रपाळी

मोठा भाऊ. आणि तो स्वतःच रडकुंडीला आलेला.

कळलं तुमचं म्हणणं.

तळटीप

ताईंच्या म्हणण्याला बळ देणारा सगळ्यात चांगला पुरावा नेदरलँड्सचा आहे. तिथे जवळपास प्रत्येक घरी वेगवान इंटरनेट. २०२० च्या वसंतात शाळा बंद राहिल्या फक्त आठ आठवडे, म्हणजे जगाच्या मानाने काहीच नाही. योगायोग असा, की प्राथमिक शाळांमधली राष्ट्रीय चाचणी टाळेबंदीच्या थोडी आधी झाली होती आणि नंतर लगेच पुन्हा झाली. त्यामुळे आधीच्या वर्षांशी नेमकी तुलना करता आली. एन्गझेल, फ्राय आणि व्हेरहागेन या तिघांनी सुमारे साडेतीन लाख मुलांची माहिती तपासली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले.

शंभर मुलांना गुणांप्रमाणे ओळीत उभं केलं, तर सरासरी मूल तीन जागा मागे सरकलं. म्हणजे शाळेच्या वर्षाचा पाचवा हिस्सा. आठ आठवडे वर्षाचा साधारण तेवढाच हिस्सा भरतात! थोडक्यात, मुलं घरी बसून जवळजवळ काहीच नवं शिकली नाहीत. आणि ज्यांचे आईवडील कमी शिकलेले, त्यांचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त.

इंटरनेट होतं, उपकरणं होती, सरकार श्रीमंत होतं, बंदी छोटी होती. तरीही दरी रुंदावली. 'टॅब वाटले असते तर प्रश्न सुटला असता' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

त्याच वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाला काय होतं तेही लक्षात ठेवा. युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये अंदाज दिला होता, की किमान ४६.३ कोटी मुलांपर्यंत ऑनलाइन, टीव्ही, रेडिओ, कुठल्याच मार्गाने शिक्षण पोचू शकत नाही. तेव्हा रात्रपाळी यांचा मुद्दाही खोटा नाही. एक दरी फोनअलीकडे आहे आणि एक फोनपलीकडे.

चष्मेबहाद्दर

सगळं ठीक. पण गरीब घरातली मुलं महामारीच्या आधीही मागेच होती ना? शाळा रोज भरत होत्या तेव्हा कुठे समता नांदत होती? उगाच विषाणूच्या डोक्यावर खापर. महामारीने फक्त पांघरूण ओढून काढलं, बाकी काही नाही.

(हलकेच घ्या.)

पाटीपेन्सिल

हलकेच घेते, पण सोडत नाही. :)

'फक्त पांघरूण काढलं' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते. शाळा समता आणत नाही, हे मान्य. पण ती विषमतेला रोज थोडा थोडा आवर घालते, आणि हे शाळा चालू असताना दिसत नाही. बंद झाली की दिसतं.

बाल्टिमोर शहरात एंट्विसल आणि अलेक्झांडर या समाजशास्त्रज्ञांनी १९८२ पासून पहिलीतल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांना आढळलं, की शाळेच्या महिन्यांत गरीब आणि सुस्थितीतली मुलं जवळजवळ सारख्याच वेगाने पुढे जातात. अंतर वाढतं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्यांची उपमा नळाची आहे. शाळा चालू असते तेव्हा नळ सगळ्यांसाठी वाहतो. शाळा बंद झाली की काही घरांत हौद भरलेला असतो, काहींत नसतो. आमच्याकडे सलग दीडदोन वर्षांची उन्हाळ्याची सुट्टी झाली.

तळटीप

ताई, पुढच्या संशोधकांनी त्या उन्हाळ्याच्या निष्कर्षांवर बरीच शंका घेतली आहे. मोजपट्टी बदलली की सुट्टीतली दरी कमी-जास्त होते. नळाची उपमा चांगली आहे, पण पुरावा म्हणून तेवढी पक्की नाही.

पाटीपेन्सिल

बरं, नोंद केली. उपमा मात्र ठेवते.

जुनाकागद

निवृत्त माणूस आहे, जुनं वाचत बसतो. दोन किस्से.

पहिला १९१८ चा. फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्क आणि शिकागोने चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचं म्हणणं असं, की शहरातली बहुसंख्य मुलं कोंदट, दाटीवाटीच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. घरी बसवली तर त्याच गर्दीत राहतील, आईबाप पोटामागे लागलेले, आजाराकडे बघायला कुणी नाही. शाळेची इमारत मोठी, हवेशीर, आणि तिथे रोज कुणीतरी तपासायला आहे. तेव्हा शाळा हीच जास्त सुरक्षित. त्या निर्णयाचा साथीवर काय परिणाम झाला हा वाद बाजूला ठेवू. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की 'घरी राहा' म्हणताना 'कुठल्या घरी?' असं विचारणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी अधिकारपदावर होता.

दुसरा १९३७ चा. शिकागोत पोलिओची साथ आली आणि सप्टेंबरात शाळा उघडल्याच नाहीत. मग तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून जास्त मुलांना रेडिओवरून शिकवलं. वर्तमानपत्रांत धड्यांचं वेळापत्रक आणि प्रश्न छापून यायचे, पालकांच्या शंकांसाठी शिक्षक टेलिफोनवर बसलेले. कौतुक झालं. आणि तक्रारी काय आल्या? काही घरी रेडिओ नाही. काही ठिकाणी नीट ऐकू येत नाही. धडा भराभर पुढे जातो, मागे राहिलेल्याला थांबवून विचारता येत नाही. शब्द बदला, २०२० होतं.

उंबरठा

जुनाकागदकाका, 'थांबवून विचारता येत नाही' हे किती खरं! माझ्या मुलीला ते विचारायला मी होते. बाकी सगळं वेगळं असतं आणि हे एकच नसतं, तर?

आडवाट

याच धाग्याशी जोडून. मी शिक्षक नाही. टाळेबंदीत स्वयंसेवक म्हणून साध्या, बटणांच्या फोनवर मुलांना गणित सांगायचो. आठवड्यातून एकदा, वीसेक मिनिटं. इतक्यात काय होणार असं मलाही वाटायचं. एका घरी आई फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसायची. पहिले दोन आठवडे ती नुसती 'बोल ना, सर विचारतायत' एवढंच. तिसऱ्या आठवड्यात हातच्याच्या वजाबाकीचं उत्तर मुलाआधी तिनेच दिलं आणि मग दोघं हसत बसले. पुढच्या आठवड्यात मी फोन केला तर म्हणाली, 'आम्ही रोज पाच करतो.' ते 'आम्ही' ऐकून मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसलो होतो.

नंतर कळलं, की बोट्स्वानात हाच प्रयोग शिस्तीत झाला होता. २०२० मध्येच सुमारे साडेचार हजार घरांमध्ये, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून. काही घरांना दर आठवड्याला नुसता एसएमएस, काहींना एसएमएस आणि शिवाय वीसेक मिनिटांचा फोन, काहींना काहीच नाही. नुसत्या एसएमएसने फरक पडल्याचं दिसलं नाही. फोन आला तिथे मुलं गणितात स्पष्टपणे पुढे गेली. पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडातही असे प्रयोग झाले आणि फोनचा उपयोग दिसला.

म्हणजे यंत्र तेच. पलीकडे माणूस आहे की नाही, एवढाच फरक.

चष्मेबहाद्दर

हे आवडलं. माझा 'पांघरूण' सिद्धांत थोडा ढिला झाला, कबूल. पण मग शाळा उघडल्यावर तरी सगळं हळूहळू भरून यायला हवं होतं. नळ चालू झाला ना पुन्हा?

पाटीपेन्सिल

खरं दुखणं इथेच आहे, आणि यावर फार कमी बोललं जातं. थोडं लांब लिहिते.

८ ऑक्टोबर २००५ ला पाकिस्तानच्या उत्तर भागात मोठा भूकंप झाला. शाळा सरासरी १४ आठवडे बंद होत्या. अंद्राबी, डॅनियल्स आणि दास या संशोधकांनी चार वर्षांनी तिथल्या घरांची पाहणी केली. घरं पुन्हा उभी राहिली होती, मदत पोचली होती, मोठ्या माणसांचं आयुष्य बऱ्यापैकी रुळावर आलेलं. मुलांची पटनोंदणीही ठीक. पण भूकंपाच्या भेगेजवळ राहणारी मुलं दूरच्या मुलांपेक्षा शिक्षणात दीड ते दोन वर्षं मागे होती. १४ आठवडे बुडाले आणि दीड-दोन वर्षं मागे! बुडाल्यापेक्षा कितीतरी जास्त मागे पडायला काय कारण? बराचसा संशय जातो तो शाळा उघडल्यानंतरच्या काळावर. वर्ग पुढच्या इयत्तेचा धडा उघडून बसला, मुलाच्या डोक्यात मागची पायरीच नाही. त्या वर्षी थोडं कळलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी आणखी कमी.

आणि ज्या मुलांची आई किमान प्राथमिक शाळा पूर्ण केलेली होती, त्यांच्यात हे नुकसान जवळजवळ दिसलंच नाही. आईचं प्राथमिक शिक्षण, बस. आडवाटदादांची ती वजाबाकी सांगणारी आई आठवा.

आता माझ्या वर्गाचं. शाळा उघडली आणि आठवड्याभरात परिपत्रक आलं, अभ्यासक्रम अमुक तारखेपर्यंत पूर्ण करा. चौथीचं पुस्तक गृहीत धरतं, की मुलाला जोडाक्षरं येतात. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना येत नव्हती. मी काय केलं? पहिले दोन महिने पुस्तकच शिकवलं. भीती वाटली म्हणून. पुढच्या बाकांवर माना हलत होत्या, उत्तरं येत होती, मला वाटलं वर्ग चाललाय. तो चित्र काढणारा मुलगा सगळा वेळ उतरवून घेत होता. तेव्हा दरीचा एक हिस्सा विषाणूने पाडला असेल, पण दोन महिने तरी ती मी स्वतः रुंद केली.

रात्रपाळी

बाई, एवढं स्वतःवर घेऊ नका. परिपत्रक तुम्ही काढलं नव्हतं.

तळटीप

ताईंचा मुद्दा मला पटतो, पण धाग्यात सगळे एकाच सुरात बोलायला लागलेत म्हणून उलट बाजू मांडतो.

पिसा (PISA) या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२ च्या फेरीचे निकाल डिसेंबर २०२३ मध्ये आले. ही १५ वर्षांच्या मुलांची चाचणी. श्रीमंत देशांत गणिताची सरासरी १५ गुणांनी कोसळली, आजवरची सर्वांत मोठी घसरण. पण सुस्थितीतली आणि गरीब मुलं यांच्यातली दरी बहुतेक देशांत २०१८ च्या तुलनेत फारशी बदललेली नव्हती. सगळेच घसरले. मग 'महामारीने विषमता वाढवली' हे सरसकट म्हणता येईल का?

दुसरीकडे, १५ देशांतले ४२ अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये एक आढावा निघाला. त्यात सरासरी नुकसान शालेय वर्षाच्या सुमारे एकतृतीयांश निघालं, गणितात वाचनापेक्षा जास्त, आणि गरीब घरांतल्या मुलांचं जास्त. अडचण एवढीच, की गरीब देशांतले अभ्यास त्यात नव्हतेच. जिथे शाळा सर्वांत जास्त काळ बंद होत्या तिथेच मोजणारं कमी.

आडवाट

पिसा शाळेत असलेल्या मुलांना मोजतं ना? जे परतलेच नाहीत ते कुठल्या रकान्यात?

युगांडात मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पूर्णपणे उघडल्या १० जानेवारी २०२२ ला. मधे काही वर्ग थोडे दिवस भरले, तेवढंच. जवळपास दोन वर्षं. तोपर्यंत कितीतरी मुलं कामाला लागलेली, मुलींची लग्नं झालेली किंवा कडेवर मूल. ज्याचं नाव पटावरून गेलं त्याची सरासरी कोण काढणार?

तळटीप

अगदी बरोबर. सरासरीतून सर्वांत मागची मुलं गळली तर दरी कागदावर कमीच दिसणार. मान्य. वयाचाही फरक असावा. १५ वर्षांचं मूल स्वतः वाचून काहीतरी करू शकतं, सात वर्षांचं नाही.

उंबरठा

मुलींचा विषय निघाला म्हणून. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत २०१४ पासून शाळा बंद होत्या. त्या काळात कितीतरी मुली गरोदर राहिल्या. एप्रिल २०१५ मध्ये शाळा उघडल्या, तर सरकारने गरोदर मुलींना वर्गात बसायलाच मनाई केली. साथ संपली आणि शाळेचं दार फक्त त्यांच्यासाठी बंद राहिलं. ती मनाई उठली मार्च २०२० च्या अखेरीस, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोरोनामुळे सगळ्याच शाळांना टाळं लागलं. मी हे वाचलं तेव्हा तारखा दोनदा तपासल्या.

रिकामा_बाक

मी त्या वर्षी बारावीत होतो, त्यामुळे वेगळा कोपरा दाखवतो. शिकणं बुडालं हा एक भाग. परीक्षा रद्द झाल्यावर गुण कसे दिले, हाही विषमतेचाच भाग आहे.

इंग्लंडमध्ये २०२० च्या ए-लेव्हल, म्हणजे आपल्या बारावीसारख्या, परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी अंदाजे श्रेणी दिल्या, पण त्या फुगल्यात म्हणून परीक्षा नियामकाने एक सूत्र लावलं. त्या सूत्रात तुमच्या शाळेचा मागच्या वर्षांचा निकाल मोजला जायचा. म्हणजे तुम्ही कितीही हुशार असा, तुमच्या शाळेतून आजवर कुणाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नसेल तर तुम्हाला ती मिळणं अवघड. आणि एखाद्या विषयाला अगदी मोजकेच विद्यार्थी असतील तर शिक्षकांचा अंदाज तसाच धरला जायचा. असे छोटे वर्ग जास्त कुठे? महागड्या खासगी शाळांत. जवळपास ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या. मुलं रस्त्यावर उतरली आणि निकालानंतर चारच दिवसांत, १७ ऑगस्टला, सूत्र मागे घेतलं गेलं.

मला त्यातलं एकच खटकतं, त्या सूत्रात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. शाळाशाळांत असलेला जुना फरक फक्त गणितात भरला आणि तो मुलांच्या नावावर गुण म्हणून बाहेर आला.

चष्मेबहाद्दर

स्वीडनचं काय? तिथे तर लहान मुलांच्या शाळा बंदच केल्या नाहीत.

तळटीप

धागा तिकडे न्यायचा नाही असं ताईंनी सांगितलंय. :) फक्त विषमतेपुरतं सांगतो. स्वीडनमध्ये नववीपर्यंतच्या शाळा साधारणपणे चालू राहिल्या आणि पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनात घसरण आढळली नाही, कमकुवत घरांतल्या मुलांमध्येही नाही. अमेरिकेत ज्या भागांत शाळा लवकर प्रत्यक्ष भरल्या तिथे गणितातली दरी फारशी वाढली नाही. जिथे २०२०-२१ चं बहुतेक वर्ष ऑनलाइन गेलं तिथे वाढली, आणि गरीब वस्तीतल्या शाळांचं सर्वाधिक नुकसान झालं. बंद करणं योग्य की अयोग्य हे यावरून ठरत नाही, आरोग्याचा हिशेब वेगळा. शाळेची किंमत कोणाला किती, एवढं मात्र दिसतं.

रात्रपाळी

हे सगळं झालं. आता करायचं काय? माझी धाकटी आता पाचवीत आहे. भागाकार आला की रडते. शिकवणी लावा म्हणतात सगळे. लावली की पुन्हा तेच, ज्याला परवडतं त्याचं भरून निघणार.

पाटीपेन्सिल

दादा, मी वर्गात काय केलं ते सांगते. उपाय म्हणून नाही, घडलं तसं.

दोन महिन्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावून चार गोष्टी वाचायला दिल्या. अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, छोटी गोष्ट. प्रत्येकी पाच मिनिटं लागली. 'प्रथम' ही संस्था ही पद्धत कितीतरी वर्षं वापरते आहे, आणि महामारीच्या खूप आधी झालेल्या चाचण्यांमध्ये तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. मूल कुठल्या इयत्तेत आहे ते बघायचं नाही, त्याला काय येतं ते बघून गट करायचा. मुख्याध्यापकांना कसंबसं तयार केलं आणि तिसरी, चौथी, पाचवीची मुलं रोज एक तास मिसळून बसवली.

पहिली अडचण मुलांची आलीच नाही. पालकांची आली. 'आमचा पाचवीचा मुलगा तिसरीच्या पोरांत का बसवला?' एका वडिलांनी तर शाळेत येऊन ऐकवलं. मग आम्ही गटांना इयत्तेचे आकडे न लावता रंगांची नावं दिली. आठवड्याभरात मुलांनी कुठला रंग 'ढ' ते शोधून काढलं, पण पालक शांत झाले. दुसरी अडचण अशी, की तो एक तास कुठून काढायचा. कार्यानुभव आणि खेळाच्या तासावर डल्ला मारला, जो मारायला नको होता. तिसरी, वर्षाच्या शेवटी अभ्यासक्रम अपुरा राहिला आणि त्याचा खुलासा मला लेखी द्यावा लागला. तो कागद अजून ठेवलाय.

धाकटीसाठी भागाकारावर बसू नका. आधी वजाबाकी बघा, मग पाढे. बहुतेक वेळा रडू येतं ते दोन पायऱ्या खालच्या गोष्टीसाठी. आणि ते बघायला शिकवणीच हवी असं नाही, रात्री साडेआठनंतर दहा मिनिटं पुरतात. पाच उदाहरणं, आडवाटदादांच्या त्या आईसारखी. तुम्हाला येत नसेल तर तिला म्हणा, मला शिकव.

रात्रपाळी

वजाबाकीच होती. हातचा घेतल्यावर वरचा आकडा कमी करायचा ती विसरते. आज बघितलं. तीन वर्षं कुणी बघितलं नव्हतं, मीही नाही.

आडवाट

दादा, व्यक्तिगत निरोप बघा. माझ्याकडे त्या वेळच्या उदाहरणांचे कागद आहेत, पाठवतो.

जुनाकागद

पाटीपेन्सिलताई, तो लेखी खुलासा इथे टंकून टाका की. वाचायला आवडेल.

पाटीपेन्सिल

काका, नोकरी आहे अजून! निवृत्त झाले की टाकते.

उंबरठा

ताई, एक राहिलं. तो मुलगा? वहीवाला?

पाटीपेन्सिल

चौथीच्या शेवटी परिच्छेदापर्यंत आला होता. आता वरच्या वर्गात आहे. वाचतो, बोट ठेवून, हळू. गेल्या महिन्यात जिन्यात भेटला, निबंधाची वही दाखवायला थांबला. दीड पान, सगळं स्वतःचं, ऱ्हस्वदीर्घाच्या असंख्य चुका. अक्षर मात्र पार बिघडलंय.